मिसेस पिंकम यांची पत्रोत्तरे

‘रजोनिवृत्ती’ या शब्दातील ‘निवृत्ती’ आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होणारे रज शरीर जरेने पिकले की पन्नाशीस क्षीण होते, असे सुश्रुतसंहिता सांगते. तेथे तो व्याधी नाही, वयाचा धर्म आहे. शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ साली ‘मेनोपॉज’ हा शब्द प्रचारात आणला. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र ही अवस्था दुखण्यांच्या यादीत नेऊन बसविली, आणि स्त्रियांच्या तक्रारींवर त्याच्यापाशी उपाय होते ते रक्त काढण्याचे, जळवा लावण्याचे आणि पाऱ्याचे. १८७२ साली रॉबर्ट बॅटी या अमेरिकी शल्यविशारदाने तर अंडाशये काढून टाकून ही अवस्था कृत्रिमरीत्या घडवून आणण्याचा मार्ग दाखविला.

अशा काळात स्त्रिया घरगुती काढ्याकडे वळल्या, यात नवल ते कोणते? मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावच्या लिडिया पिंकम शेजारणींना असा काढा करून देत असत. १८७३ च्या मंदीत पतीचे दिवाळे निघाले आणि १८७५ पासून तोच काढा बाटलीत भरून विकला जाऊ लागला. त्यात ब्लॅक कोहॉश ही तेथील मूळ रहिवाशांना पूर्वापार ठाऊक असलेली मुळी होती, आणखी काही रानमुळ्या होत्या, आणि (मराठी वाचकास गंमत वाटेल) चक्क मेथीदाणे होते. शिवाय सुमारे १८ टक्के मद्यार्क! बाई स्वतः मद्यपानबंदीच्या पुरस्कर्त्या. मद्यार्क केवळ काढा टिकावा म्हणून, असे सांगितले जाई. अंगाची एकाएकी लाही होणे, घाम फुटणे, झोप उडणे यांवर आराम पडला असेल, तर त्यातील वाटा मुळीचा किती आणि मद्याचा किती, हे कोण सांगणार?

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती जाहिरातीतील एक ओळ: मिसेस पिंकम यांना पत्र लिहा. पत्र पुरुषाच्या दृष्टीस पडणार नाही, अशी हमी असे. जे वैद्यापुढे उच्चारता येत नव्हते ते स्त्रिया कागदावर उतरवू लागल्या, आणि त्यांस उत्तरे येत. लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या. उत्तरे मात्र येतच राहिली. अखेर १९०५ साली एडवर्ड बोक यांच्या संपादनाखालील ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याच्या शिळेचे छायाचित्रच छापले.

ही फसवणूक होती, यात शंका नाही. परंतु लेखक मृत असताना त्याचा ‘आवाज’ वाचकांशी संवाद चालू ठेवतो, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने नुसती हसून सोडून द्यावी अशी नाही. पत्र लिहिणाऱ्या स्त्रीने आपल्या देहाविषयी शोधलेले शब्द तर खरेच होते.

पुढे १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले संप्रेरक अमेरिकेत बाजारात आले. २००२ साली तेथील एका मोठ्या चाचणीत संयुक्त संप्रेरकांनी स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसले, ती चाचणी मध्येच थांबविण्यात आली, आणि घाबरलेल्या असंख्य स्त्रिया पुन्हा ब्लॅक कोहॉशपाशी आल्या. या मुळीच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये घेतला: गुण येतो असे म्हणण्यास पुरावा अपुरा. मिसेस पिंकम यांच्या कचेरीतून असे उत्तर कधीही गेले नसते.