पटावरची मुले आणि कायद्यातली सरासरी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या घटनेत १८७५ साली दुरुस्ती झाली आणि पाच ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘परिपूर्ण व कार्यक्षम’ अशी मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था राखण्याची जबाबदारी कायदेमंडळावर आली. या विशेषणांचा अर्थ लावण्याची निकड पुढे जवळजवळ शतकभर फारशी कोणाला भासली नाही, कारण शाळांचा बराचसा खर्च स्थानिक घरपट्टीतून, म्हणजे घरे व जमिनी यांच्या मूल्यावर बसविलेल्या करातून, भागविला जाई. साहजिकच ज्या शालेय जिल्ह्यात, म्हणजे शाळा चालविण्यासाठी आखलेल्या आणि पुष्कळदा एकाच गावापुरत्या असलेल्या विभागात, मालमत्ता महाग असे, तेथे हलक्या दरानेही पुरेसा पैसा जमे. उलट कॅम्डनसारख्या शहरात चढ्या दराने कर भरूनही शाळांची ओढगस्त संपत नसे.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा प्रवाह याच राज्यात अगदी वेगळ्या उगमापासून सुरू झाला. १९११ च्या कायद्याने, मानसिक वाढीत तीन वा अधिक वर्षे मागे असलेली दहा मुले जिल्ह्यात आढळल्यास त्यांच्यासाठी पंधरांहून अधिक मुले नसलेला स्वतंत्र वर्ग काढणे बंधनकारक केले. या कायद्यामागे व्हाइनलँड येथील संस्थेत संशोधन करणारे आणि फ्रान्समधील बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत रुजविणारे मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांचा हात होता. त्याच गोडार्डांनी पुढच्या वर्षी मतिमंदत्व घराण्यातून उतरते असे सांगणारा, आज पूर्णपणे त्याज्य ठरलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे मुलाला शोधून मोजण्याची सोय आणि मोजून त्याच्यावर शिक्का मारण्याची धास्ती या दोन्ही गोष्टी विशेष शिक्षणाच्या पाळण्यातच होत्या. १९५४ मध्ये बीडलस्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांनी अशा मुलांचा शोध, वर्गीकरण व शिक्षण यांची जबाबदारी जिल्ह्यांवर अधिक स्पष्टपणे टाकली.

पैशाचा प्रश्न न्यायालयात पोहोचला तो १९७० च्या रॉबिन्सन विरुद्ध काहिल या खटल्याने, जो जर्सी सिटीतील एका विद्यार्थ्याच्या नावे दाखल झाला होता. मार्च १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की शालेय खर्चातील अशी विषमता देशाच्या घटनेचा भंग करीत नाही. परंतु दोनच आठवड्यांनी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतील त्या जुन्या शब्दांच्या आधारे राज्याची अनुदानपद्धती घटनाबाह्य ठरविली. कायदेमंडळाने १९७५ मध्ये नवा कायदा केला, पण त्यासाठी पैसा उभारला नाही, तेव्हा १ जुलै १९७६ पासून न्यायालयाच्या आदेशाने शाळांवरील खर्चच थांबला. उन्हाळी सुट्टीत शाळा बंद करण्याचा हा आदेश वरवर निरुपद्रवी दिसतो, तरी त्यातला धाक खरा होता, कारण आठवड्याभरातच राज्याचा पहिला व्यापक प्राप्तिकर मंजूर झाला.

त्यानंतर १९८१ मध्ये दाखल झालेल्या ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात निकालांची मालिकाच लागली. १९९० च्या निकालाने गरीब शहरी जिल्ह्यांचा दर विद्यार्थ्यामागील खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणण्यास सांगितले, तर १९९८ च्या निकालाने तेथील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्यांचीही तरतूद करविली.

हे दोन प्रवाह एका सूत्रात बांधले गेले ते २००८ च्या शालेय अनुदान सुधारणा कायद्यात. त्याने विशेष शिक्षणाचे मुख्य अनुदान जिल्ह्यातील दिव्यांग मुलांच्या प्रत्यक्ष संख्येवर न देता राज्याच्या सरासरीवर दिले. सुरुवातीला ही सरासरी १४.६९ टक्के धरली गेली. हजारांचा पट असलेल्या जिल्ह्यात अशी मुले शंभर असोत वा दोनशे, हिशेबात ती सुमारे १४७ च. संख्येवर पैसा मिळाला तर अनुदानासाठी मुलांवर शिक्के मारले जातील, हा यामागील युक्तिवाद निराधार नव्हता. व्हाइनलँडचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला तो पटण्यासारखाच आहे. पण १९११ च्या कायद्याने ज्या मुलांना मोजायला लावले, त्यांनाच या कायद्याने न मोजण्याची सोय केली, आणि तीही चांगल्या शाळांच्या शोधात दिव्यांग मुलांचे पालक विशिष्ट गावांकडे वळत असताना. शिवाय या अनुदानाचा दोन-तृतीयांश भाग जिल्ह्याची सांपत्तिक स्थिती पाहून ठरे, त्यामुळे सधन गावाच्या वाट्याला मुख्यतः उरलेला एक-तृतीयांशच येई. अतिखर्चिक मुलांसाठी वेगळे साहाय्य होते खरे, परंतु अर्थसंकल्पात त्याची तरतूद मागणीला पुरी पडत नसे. कमी पडणारी रक्कम पुन्हा घरपट्टीवरच येई, आणि २०१० पासून घरपट्टीच्या वार्षिक वाढीवर काही अपवाद वगळता दोन टक्क्यांची मर्यादा आल्यामुळे, दिव्यांग मुलाच्या कायद्याने अनिवार्य असलेल्या सेवेचा वाढता खर्च जिल्ह्याला बहुधा शेजारच्या वर्गातील संगीत किंवा ग्रंथालय कमी करून भागवावा लागे.