इस्पितळाची वही आणि तापाचा नकाशा

इस्पितळात रोगी आला म्हणजे त्याचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण आणि तारीख वहीत उतरवून घेतात. कारकुनाच्या दृष्टीने हे रोजचेच काम. परंतु साथींचा इतिहास चाळताना आम्हांस असे दिसून आले, की रोगाचे स्वरूप उकलण्याच्या कामी सूक्ष्मदर्शकाच्या बरोबरीने या वहीनेही हातभार लावलेला आहे. आज ज्या तापाची हकीकत सांगावयाची तो डेंगी, म्हणजे आपल्या बोलीतला हाडमोड्या ताप.

रोग्यांची घरे नकाशावर मांडण्याची गोष्ट निघाली, की डॉक्टर जॉन स्नोचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेंवर माणसे गेली. स्नोने मृतांची घरे शोधली, ती ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती दाटलेली आढळली आणि पंपाचा दांडा काढण्यात आला. (नकाशा छापला गेला तो दांडा काढल्यानंतर, पण लोकांना कथा सोयीस्कर क्रमाने सांगावयास आवडते.) तेव्हापासून नकाशा म्हटला की त्यात कोठे तरी एक पंप दडलेला असणारच, अशी समजूत होऊन बसली आहे. डेंगीच्या नकाशात असा एकच पंप सापडत नाही. तेथे घरोघरचा रांजण, हौद, टाकून दिलेला टायर, फडताळाच्या पायांखाली मुंग्यांसाठी ठेवलेली पाण्याची वाटी ही प्रत्येक एकेक लहानसा पंपच असते.

आता आपण बँकॉकला जाऊ. डेंगी पूर्वी फारसा जीवघेणा मानला जात नसे. आठवडाभर अंग मोडून काढतो आणि जातो, अशी त्याची ख्याती होती. १९५३-५४ साली मनिला शहरात आणि १९५८ साली बँकॉकमध्ये मात्र लहान मुलांना एक निराळाच ताप येऊ लागला. दोन-चार दिवस ताप, मग तो उतरत असतानाच हातपाय गार, नाडी क्षीण, अंगावर रक्ताचे ठिपके, आणि काही तासांत खेळ आटोपलेला. बँकॉकच्या त्या पहिल्या मोठ्या साथीत दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि दहांतले एक तरी दगावले. मनिलातील १९५६ च्या साथीत विल्यम हॅमन यांच्या मंडळींनी रोग्यांच्या रक्तातून डेंगीचे दोन नवे प्रकार, तिसरा आणि चौथा, वेगळे काढले. पहिले दोन प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच माहीत झाले होते. म्हणजे रोग जुनाच, पण तो इतका उग्र का झाला, हा प्रश्न उरला.

स्कॉट हॉलस्टेड नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर १९६० नंतरच्या काही वर्षांत बँकॉकच्या संशोधनशाळेत कामास होते. त्यांनी आणि त्यांच्या थाई सहकाऱ्यांनी इस्पितळांत दाखल झालेल्यांची वये, तारखा, वस्ती आणि रक्ताच्या तपासण्या एकत्र मांडल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. अत्यवस्थ मुलांचे दोन गट पडत होते. एक सात-आठ महिन्यांच्या तान्ह्यांचा. त्यापुढे संख्या घटे. आणि तीन वर्षांच्या पुढे ती पुन्हा चढे. त्याच शहरात राहणाऱ्या गोऱ्या परदेशीयांनाही डेंगी होई, पण तो साधा. रक्त पाहता मोठ्या मुलांना हा ताप बहुधा दुसऱ्यांदा झालेला असे, आणि तो पहिल्याहून निराळ्या प्रकारच्या विषाणूने. तान्ह्यांना तो पहिल्यांदाच होई; पण त्यांच्या अंगी आईकडून आलेली आणि आता ओसरत चाललेली प्रतिपिंडे असत. हॉलस्टेड यांनी अनुमान काढले ते असे, की एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली अर्धीमुर्धी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारास अडवीत नाहीत, उलट त्यास पेशींत शिरण्यास वाट करून देतात. जे कवच म्हणून लाभले तेच शत्रूच्या हाती शिडी होऊन पडते!

हे सर्वांनाच पटले असे नाही. लिऑन रोझेन यांच्यासारख्या जाणत्या शास्त्रज्ञाने त्यावर कडक टीका केली. विषाणूचेच काही वाण अधिक घातक असतील, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते हा वाद उपकारकच ठरला. कारण त्यामुळे पुढील साथींच्या नोंदी लोकांनी अधिक बारकाईने ठेवल्या. क्यूबा बेटावर १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्य. १९८१ साली दुसरा प्रकार आला आणि काही महिन्यांत ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले, १,१६,१४३ इस्पितळात दाखल करावे लागले, १५८ मरण पावले. त्यांत १०१ मुले होती. १९९७ साली सांतियागो दे क्यूबा येथे तोच दुसरा प्रकार पुन्हा उद्भवला तेव्हा बारा जण दगावले, आणि ते बाराही प्रौढ होते. १९७७ नंतर पहिल्या प्रकाराची लागण झालेली पिढी आता वयात आली होती. वीस वर्षांपूर्वीच्या एका सौम्य तापाचे देणे असे फिटावे, हे वाचताना अंगावर काटा येतो.

बँकॉकमधील मृत्यूचे प्रमाण पुढे पुष्कळ खाली आले, ते कोणा नव्या औषधाने नव्हे. तेथील बालरुग्णालयातील डॉक्टर सुचित्रा निम्मान्नित्य यांनी कोणत्या घटकेस नाडी ढासळते हे रोग्यांशेजारी बसून टिपले आणि त्या घटकेस शिरेवाटे बेताचे द्रव देण्याची रीत घालून दिली.

या बालरुग्णालयाच्या वहीस त्यानंतरही विश्रांती मिळाली नाही. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत दाखल झालेल्या मुलांची घरे संशोधकांनी नकाशावर एकेक करून मांडली, आणि रोग्यांचे झुबके एका किलोमीटरच्याही आत दिसून आले. २०१७ साली विषाणूंच्या वंशावळी ताडून पाहिल्या, तेव्हा दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्या रोग्यांपैकी शेकडा साठ जण एकाच लागणीच्या साखळीतले निघाले. एक ते पाच किलोमीटर अंतरावरच्यांत हेच प्रमाण शेकडा तीन. मोठ्या पटावर चित्र निराळे. १९८३ ते १९९७ मधील साडेआठ लाखांच्या आसपास रुग्णांची नोंद तपासता, सुमारे दर तीन वर्षांनी बँकॉकहून एक लाट उठते आणि महिन्यास १४८ किलोमीटर या गतीने देशभर पसरते, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. डास मात्र आपल्या घरापासून फारसा दूर जात नाही. मग एवढे अंतर कोण तोडतो? आगगाडीने आणि मोटारीने जाणारा माणूसच.

येथे एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. रोगी दाखल झाल्याची तारीख ही लागणीची तारीख नव्हे. डास रोग्यास चावल्यापासून त्याच्या अंगी विषाणू तयार होण्यास आठ-दहा दिवस लागतात, चावल्यानंतर माणसास ताप येण्यास चार ते दहा, आणि इस्पितळ गाठेपर्यंत आणखी तीन-चार. आज नकाशावर टाचणी टोचली ती तीन आठवड्यांपूर्वीच्या घटनेची. शिवाय हा डास दिवसा चावतो; वहीत पत्ता घराचा असतो आणि मूल दुपारी शाळेत असते. बहुसंख्य लागणी तर इस्पितळाचे दारही पाहत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला ३९ कोटी लागणी होतात आणि त्यांतील साडेनऊ कोटींच्या आसपासच कमीअधिक आजाररूपाने प्रकट होतात. तेव्हा एखाद्या पेठेवर टाचण्या दाटल्या म्हणजे ती पेठ घाणेरडी, असे बोलणाऱ्याने जीभ आवरावी. हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. ज्या घरी नळ दिवसाआड येतो त्या घरी पाणी साठवण्यावाचून दुसरा उपाय तो कोणता?

वहीकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. डेंगीवरील पहिल्या लशीच्या चाचण्या चालू असताना, टोचून घेतलेल्यांपैकी दोन ते पाच वर्षांची मुले तिसऱ्या वर्षी, न टोचलेल्यांच्या मानाने अधिक प्रमाणात इस्पितळात दाखल होत असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले होते. आपली जुनी वहीच पुन्हा बोलत होती. ज्यास एकदाही डेंगी झालेला नाही त्यास ही लस पहिल्या तापासारखी ठरेल, असे हॉलस्टेड यांनी बजावले. तरीही २०१६ साली फिलिपाइन्समध्ये, ज्या देशात ही कथा सुरू झाली तेथेच, शाळकरी मुलांना ती टोचण्यास आरंभ झाला. आठ लाखांवर मुलांस ती दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनी धोका मान्य केला आणि पुढच्याच महिन्यात मोहीम थांबली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की आधी रक्त तपासावे आणि पूर्वी डेंगी होऊन गेला असेल त्यासच ही लस द्यावी. मधल्या काळात फिलिपाइन्समधील आईबापांचा विश्वास इतका उडाला, की गोवरासारख्या जुन्या आणि निर्धोक लशींनाही ते मुलांना नेईनासे झाले, आणि २०१९ साली तेथे गोवराची मोठी साथ आली.