एका चौकटीत दोन चित्रं: फाळक्यांच्या कॅमेऱ्यापासून आपल्या फ्लेक्सपर्यंत

शिवजयंतीच्या सुमारास अलिबागहून मुरुडकडे निघालो की नाक्यानाक्यावर फ्लेक्स दिसतात. महाराजांचा एका बाजूने चेहरा, आणि चेहऱ्याच्या आतच किल्ला, समुद्र, भगवा. डिझाइन करणारी मुलं याला ‘डबल एक्स्पोजर’ म्हणतात. संगणकावर दोन थर एकावर एक ठेवले, वरचा जरा पारदर्शक केला, की झालं. पण हे नाव आलं ते कॅमेऱ्याकडून.

आपल्याकडे ही युक्ती पडद्यावर गाजवली दादासाहेब फाळक्यांनी. छायाचित्रण आणि छपाई दोन्ही जाणणारा माणूस. शिवाय ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करायचे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा. एकदा चित्रण झालेली फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच पुन्हा चित्रण करायचं. पहिल्या वेळी जो भाग काळा राहिला, तिथे दुसरं चित्र स्वच्छ उमटतं. मोजणी चुकली तर दोन्ही वाया.

1919 चा ‘कालिया मर्दन’ बघा. सुरुवातीला फाळके आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा निरनिराळ्या भावांत दाखवतात. मग तो विरत जातो आणि त्याच जागी कृष्ण उमटतो. क्षणभर मुलगीही दिसते, देवही. आम्ही वर्गात रज्जुसर्पाचा दृष्टान्त द्यायचो. तिथे साप दिसतो तेव्हा दोरी दिसत नाही. इथे दोन्ही दिसतात. कोण कोणाचं रूप घेतंय हे आधी सांगून मग चमत्कार, असा हा सरळ व्यवहार आहे.

आता आपल्या फ्लेक्सकडे येऊ. एका फलकावर महाराजांच्या चेहऱ्यात आम्हाला चक्क जंजिरा दिसला! चित्र देखणं होतं. पण जंजिरा महाराजांच्या हाती कधी आला नाही. संभाजी महाराजांनीही निकराने प्रयत्न केले. ते संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिलं. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्या चेहऱ्यात तो हवा होता, नाही का?

दोन चित्रं एकात मिसळली की ‘यांचं नातं आहे’ असं विधान होतं. तेच शब्दांत लिहिलं असतं तर कोणीतरी हटकलं असतं. चित्राला कोणी हटकत नाही, म्हणून चूक पुढे चालत राहते.

पुढच्या वर्षी फलक करायला द्याल, तेव्हा त्या मुलाला पद्मदुर्गाचा फोटो द्या. मुरुडच्या किनाऱ्यावरून तो दिसतो.