जमीन का फुगते?

स्वीडन, नॉर्वे, कॅनडा अशा थंड देशांत परसातली अवजारांची साधी खोलीसुद्धा नुसती जमीन सपाट करून उभारता येत नाही. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते आणि फुगते. मग खोली कलते, दार अडकते, फरशीला तडे जातात. यावर जुना उपाय म्हणजे जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया न्यायचा. त्यासाठी कित्येकदा मीटर-दीड मीटर खणावे लागे.

पण जमीन फुगते कशामुळे? आपण शिक्षक चटकन सांगू, की पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक अभियंतेही हेच मानत. जरा हिशोब करून पाहू. मीटरभर जाडीच्या मातीत निम्मी जागा पाण्याची धरली आणि सगळी वाढ वरच्याच दिशेने झाली असे मानले, तरी जमीन साडेचार सेंटिमीटरच उचलली जाईल. प्रत्यक्षात ती काही ठिकाणी याच्या कित्येक पट उचलली जाते.

अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९ व १९३० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी पाण्याऐवजी बेंझीनने भिजवलेली माती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती फुगली! म्हणजे प्रसरण हे मुख्य कारण नव्हे. गोठणाऱ्या थराकडे खालचे पाणी ओढले जाते, तिथे बर्फाच्या चकत्या वाढत जातात आणि वरची माती उचलतात. स्वीडनच्या गुन्नार बेस्को यांनी १९३५ च्या ग्रंथात मातीच्या कणांचे महत्त्व दाखवले. बारीक गाळाच्या मातीत पाणी केशाकर्षणाने वर चढते, जाड खडीत जवळजवळ नाही.

थोडक्यात, थंडी, पाणी आणि बारीक माती ही तिन्ही एकत्र आली तरच जमीन फुगते. यातले एक काढले की पुरते. म्हणून वरची माती काढून खडी भरतात आणि पाण्याला वाट करून देतात. त्यावर उष्णतारोधक फोमचे जाड तक्ते घालतात. स्कँडिनेव्हियात १९५० नंतर असे उथळ पाये रूढ होत गेले. राहत्या घराची ऊब जमिनीला मिळते. शेकोटी नसलेल्या खोलीखाली मात्र जमिनीची स्वतःचीच ऊब राखायची असते. म्हणून तिथे फोम पूर्ण तळाखाली आणि कडेबाहेरही पसरावा लागतो.

महाराष्ट्रात जमीन अशी गोठत नाही, पण जोत्यातून भिंतीत चढणारी ओल याच केशाकर्षणाची. दोन पारदर्शक नळ्यांच्या तळाशी फडके बांधू. एकीत कोरडी बारीक माती, दुसरीत खडी भरून दोन्ही पाण्यात उभ्या करू. पाणी कुठे किती चढते हे मुलांनाच मोजू द्यावे. आणि ९ टक्क्यांचा हिशोबही त्यांनाच करू द्यावा. माहिती खरी असूनही तिच्यावरून दिलेले कारण अपुरे असू शकते, हे त्यातून त्यांना आपोआप कळेल.