मध्यान्हीची हरवलेली सावली

मध्यान्ही सावली हरवते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पांढुर्णा आणि सौंसर ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 21.6 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला, सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून ताठ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मिटते. मेमध्ये हे दुपारी सव्वाबाराच्या आसपास घडते, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि ही गावे तिच्या पश्चिमेला आहेत. सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड एरवीही धूसरच असते. जुलैत बहुधा ढग आड येतात. पाहायचे तर मेमध्येच पाहावे. नागपूरकरांनाही हा योग मिळतो, दिल्लीकरांना कधीच नाही.