शपथेतले चार शब्द

कवितेत एखादा शब्द मनाला पटला नाही, की मी दोन-चार दिवस अडून बसतो. लंडनचे लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड ११ वर्षे अडून बसले. १८४७ साली मतदारांनी त्यांना पार्लमेंटवर निवडून दिले. पण सभासदाने शपथ घ्यायची ती ‘सच्च्या ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून’. रॉथ्सचाइल्ड ज्यू! कुणी म्हणेल, म्हणून टाकायचे चार शब्द. त्यांनी नाही म्हटले.

फ्रान्सने १७९१ मध्येच ज्यूंना बरोबरीचे नागरिक मानले होते. इथे मात्र कनिष्ठ सभागृह विधेयक मंजूर करी आणि उमरावांचे सभागृह ते फेटाळी. मतदारही हट्टी, पुन्हापुन्हा रॉथ्सचाइल्डनाच निवडून देत. १८५१ मध्ये निवडून आलेले डेव्हिड सॅलोमन्स तर ते शब्द गाळून सरळ सभागृहात जाऊन बसले, मतदानही केले. दंड झाला ५०० पौंड.

अखेर प्रत्येक सभागृहाने आपली शपथ आपण ठरवावी, अशी तडजोड निघाली. २६ जुलै १८५८ रोजी रॉथ्सचाइल्डनी डोके झाकून, ‘जुन्या करारा’वर शपथ घेतली. माझे वडील उघड्या डोक्याने कुराण उघडत नसत; त्यामुळे ते झाकलेले डोके मला डोळ्यांपुढे दिसते.

पुढे बरीच वर्षे ते सभासद होते. सभागृहात भाषण मात्र एकही केले नाही. मला काही हे जमले नसते!