रोही, काडतूस आणि कायदा : एका मोठ्या कुरंगाच्या शिकारीचा इतिहास

१/ भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. धान निघाले की बांध्यांत लाखोळी, हरभरा उगवतो आणि रात्री जंगलातून रोही उतरतात. एक कळप एका रात्रीत शेत तुडवून जातो. या प्राण्यावर कोणती बंदूक, कोणती गोळी चालवावी, हा प्रश्न मध्य भारतात शतकभर चर्चिला गेला. त्या चर्चेत दारूगोळ्याच्या शास्त्राइतकाच सत्तेचाही इतिहास दडलेला आहे.

२/ रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हा कुरंग आहे, आणि आशियातील सर्वांत मोठा कुरंग आहे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याचा रंग निळसर राखाडी असतो, शिंगे मात्र जेमतेम वीतभर. मादी पिंगट व बिनशिंगी. नावातील ‘गाय’ या शब्दामुळे अनेक गावांत त्याच्यावर हात उगारला जात नसे. साहेबी शिकाऱ्यांच्या लेखीही एवढ्याशा शिंगांना भिंतीवर मिरवण्याजोगे मोल नव्हते.

३/ तरीही रोही मारला जाई : तळावरच्या मांसासाठी, कातड्यासाठी आणि पिकांच्या रक्षणासाठी. अडचण अशी की नराच्या मानेवरचे व छातीवरचे कातडे जाड आणि खांद्याचे हाड भक्कम. उथळ जखम झालेला रोही जागी पडत नाही. तो झुडपांत शिरतो आणि कुठेतरी दूर तडफडून मरतो. म्हणून गोळीकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असे. तिने खोलवर शिरावे आणि आत गेल्यावर रुंद जखमही करावी. शिकारी काडतुसाचा पुढचा सारा इतिहास या दोन गरजांच्या ओढाताणीचा आहे.

४/ आरंभी होती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून काळी दारू भरायची, वर शिशाची गोल गोळी ठासायची. तिच्या नळीचे माप मोजण्याची रीत मजेदार होती. एक पौंड शिशातून नळीत बसणाऱ्या जितक्या गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची बंदूक. म्हणजे बारा बोअरची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर जाडीची. आकडा लहान तितकी गोळी मोठी. आजही ‘बारा बोअर’ म्हणताना हाच जुना हिशेब बोलला जातो.

५/ या टप्प्यावर मध्य प्रांतातील एक नाव महत्त्वाचे ठरते : कॅप्टन जेम्स फोर्सिथ. पचमढीत ‘बायसन लॉज’ उभारणारा आणि ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) लिहिणारा हाच अधिकारी. त्याआधी त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचे निरीक्षण असे की नळीतील पीळदार खाचांचा पीळ घट्ट असेल आणि दारू जास्त भरली, तर गोल गोळी खाचांवरून घसरते व नेम जातो. उपाय म्हणून त्याने अत्यंत सैल पीळ सुचवला. त्यामुळे मोठ्या बोअरची गोल गोळी भरपूर दारूने, वेगाने आणि सरळ मार्गाने सोडता येऊ लागली.

६/ पाठोपाठ आली ‘एक्सप्रेस’ रायफल. नाव आगगाडीवरून पडले. लंडनच्या जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये आपल्या वेगवान रायफलीला ‘एक्सप्रेस ट्रेन’ म्हटले आणि शब्द रूढ झाला. तत्त्व सोपे होते. गोळी हलकी आणि तोंडाशी पोकळ, दारू मात्र भरपूर. अशी गोळी अंगात शिरताच फुलते. काळवीट किंवा चितळ तिने जागीच कोसळे.

७/ परंतु मोठ्या जनावराच्या खांद्यावर तीच गोळी हाडाला भिडून फुटे आणि तुकडे उथळच राहत. रुंदी मिळाली, खोली हरवली. म्हणून जाणत्या शिकाऱ्यांनी एकाच रायफलीसाठी दोन प्रकारची काडतुसे बाळगण्यास सुरुवात केली : हलक्या जनावराला पोकळ गोळी, भारी जनावराला भरीव. बंदुकीच्या निवडीपेक्षा गोळीची निवड अधिक निर्णायक असते, हा धडा याच काळात पक्का झाला.

८/ १८८८ नंतर सारे गणितच पालटले. ब्रिटिश फौजेने ३०३ चे काडतूस स्वीकारले, तेच पुढे पोलिसांच्या हातात ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून गावोगाव ओळखले गेले. काही वर्षांतच काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. गोळी अवघ्या १४ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीत टिकत नाही, म्हणून त्याला धातूचे कठीण आवरण चढवले गेले. ही गोळी खोलवर जाई, पण बहुधा आरपार निघून जाई आणि मागे अरुंद भोक ठेवी.

९/ १८९५ च्या चित्राळ मोहिमेत सैनिकांनी तक्रार केली की ही गोळी लागूनही शत्रू थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्याचे अधिकारी नेव्हिल बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. आवरण टोकाशी उघडे ठेवायचे, म्हणजे आतील मऊ शिसे आदळताच पसरेल. हीच ती ‘दमदम’ गोळी. भारतातील एका गावाचे नाव जगाच्या युद्धकायद्यात असे शिरले.

१०/ १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. ब्रिटिश प्रतिनिधी जॉन आर्डा यांनी विरोध केला. ‘असंस्कृत’ शत्रूला थोपवण्यास अशीच गोळी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. माणसांमध्ये भेद करणारी ती भाषा वसाहतवादाचे अंतरंग उघड करते. ब्रिटनने हा जाहीरनामा अखेर १९०७ मध्ये मान्य केला.

११/ शिकारीत मात्र उलटे घडले. युद्धात क्रूर ठरलेली मऊ टोकाची गोळी रानात दयेची मानली गेली, कारण तिने जनावर लवकर मरते. सैनिक जखमी होऊन युद्धाबाहेर गेला तरी सैन्याचा हेतू साधतो. जखमी रोही निसटला तर शिकाऱ्याचे अपयश आणि जनावराचे हाल, दोन्ही होतात. टोकाशी किती शिसे उघडे ठेवावे, म्हणजे गोळी किती लवकर पसरेल, हा आता कारखानदारांच्या अभ्यासाचा विषय झाला.

१२/ याच वर्षी, १९०७ मध्ये, निवडीत सरकारने हात घातला. जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये आणलेले ४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस भारतात लोकप्रिय होते. पण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे मापही ४५० च होते आणि त्या रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. शिकारीचा दारूगोळा त्यांच्यापर्यंत पोहोचेल या भीतीने या मापाची आयात बंद झाली. लंडनच्या कारखानदारांनी मग ४६५, ४७०, ४७५ अशी किंचित निराळी मापे पुढे आणली. शिकारी जगतातील ही प्रसिद्ध काडतुसे भारतातील एका बंदीमुळे रूढ झाली.

१३/ पण ती हत्ती-गव्याची काडतुसे. रोह्यासाठी मध्यम माप पुरे होते. येथेही अडसर होताच. ३०३ हे फौजी माप खासगी व्यक्तींना वर्ज्य ठरले. बीएसए कंपनीने भारतासाठी ३१५ ची रायफल विकली, कारण हे काडतूस ब्रिटिश फौजेत नव्हते. पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही ३१५ रायफल बनू लागली. भारतीय शिकाऱ्याचे ‘आवडते’ माप असे कायद्याने ठरवून दिले.

१४/ ज्याची ऐपत असे, तो १९१२ मध्ये आलेली हॉलंड अँड हॉलंडची ३७५ मॅग्नम घेई. तिच्यासाठी तीन वजनांच्या गोळ्या मिळत : सुमारे १५, साडेसतरा आणि साडेएकोणीस ग्रॅम. हलकी गोळी दूरच्या हरणाला, मधली रोही-सांबरासारख्या जनावराला, जड गोळी गव्याला. पोकळ आणि भरीव गोळीचा जुना वाद येथे एकाच नळीत बऱ्याच अंशी मिटला. आफ्रिकेतील ईलँड या प्रचंड कुरंगासाठीही हेच काडतूस नावाजले गेले.

१५/ आता प्रश्न असा, की ही निवड कोणाची होती? १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली, युरोपीयांना त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. साहेब तीन वजनांच्या गोळ्यांतून एक निवडत होता, तेव्हा ज्याचे पीक जात होते तो माचाणावर बसून हाकाटी करत होता. फार तर परवान्याची एखादी ठासणीची बंदूक त्याच्यापाशी असे.

१६/ स्वातंत्र्यानंतरही ही दरी पुसली गेली नाही. १९५९ च्या शस्त्रास्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकरक्षणाच्या परवान्यासंदर्भात मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. म्हणजे चंद्रावर यान पोहोचले त्या वर्षी कायदा शेतकऱ्याच्या हाती फोर्सिथच्याही आधीचे शस्त्र देत होता. अशा बंदुकीने रोही मरण्यापेक्षा जखमी होण्याचाच संभव अधिक.

१७/ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचे युग संपवले. रोह्यालाही संरक्षण मिळाले. मात्र अकराव्या कलमात उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत अधिकृत परवानगीची वाट ठेवली गेली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रोही आणि रानडुकरांसाठी अशा परवानगीची पद्धत सोपी केली. बिहारमध्ये तर त्यांना उपद्रवी घोषित करून २०१६ मध्ये बाहेरून नेमबाज बोलावले गेले. त्यावरून केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर वाद झाला.

१८/ आज अड्याळच्या एका अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य (२०१२) आहे, दुसऱ्या अंगाला कोका (२०१३). तेथे रोही हे वाघाचे भक्ष्य आहे, आणि बांध ओलांडला की शेतकऱ्याचे संकट. वाघाला गोळीचे माप निवडावे लागत नाही. शेतकऱ्याला ते कधी निवडू दिले गेले नाही. म्हणून रात्री लाखोळीच्या बांधीत आजही टॉर्च फिरतो, डबा वाजतो आणि रोही पुन्हा अंधारात शिरतो.